शेड नंबर दोनचं मानपत्र

कला काळाला शरण जात नाही.

हे वाक्य माझं आहे. म्हणजे मी ते लिहीत आलो आहे. पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल ते देव जाणे. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मी जी मानपत्रं लिहून दिली, त्यांतल्या बहुतेकांत ते सापडेल. एका ढोलकीवाल्याच्या मानपत्रात आहे, एका मंडपवाल्याच्या आहे, आणि ‘कला’च्या जागी ‘सेवा’ घालून ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यालाही दिलेलं आहे. ऐकताना त्यांनी डोळे पुसले होते. अशा वाक्यांना काही होत नाही. शरण जायचं असतं ते माणसांनी.

आमच्या खुटबावला मार्च नाकाने कळतो. गुऱ्हाळाच्या चुलवणात जळणाऱ्या चिपाडांचा धूर, रस आटत आल्याचा तो जड, घशात बसणारा गोड वास, आणि त्यावर मात करणारा उपटून वाफ्यात पसरलेल्या कांद्याचा. गव्हात हार्वेस्टर फिरून गेलेला असतो, हवेत भुसा असतो, आणि शर्टाच्या कॉलरखाली दिवसभर खाजत राहतं. याच दिवसांत आमच्याकडे सत्कार पिकतात. कारखान्याचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, म्हणून पुढारी मोकळे असतात. लग्नं अजून भरात आलेली नसतात, म्हणून मंडपवाला मोकळा असतो. शाळेचं मैदान कोरडं असतं. आणि मी निवृत्त आहे.

आमच्या सोसायटीचे चेअरमन बापू यांचा फोन येतो. “सर, एक मानपत्र लागतंय.” कुणाला, कशाबद्दल, हे ते शेवटी सांगतात, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. मानपत्राची चाल ठरलेली आहे. आधी गरीब घरातला जन्म. मग कंटकाकीर्ण वाट. मग त्याग. मग यश, आणि शेवटी कला काळाला शरण जात नाही. यातलं बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालतं, त्यागाशिवाय मात्र चालत नाही. बापूंचं त्याबाबत स्पष्ट मत आहे. “कायतरी सोडलेलं पायजे बघा माणसानं. त्याबिगर टाळ्या येत न्हाईत.” माणसाने काहीच सोडलेलं नसेल, तर आपण सोडायला लावायचं. चहा, झोप, माहेर, सरकारी नोकरी. मी एका वस्तादांना लग्न सोडायला लावलं होतं. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या.

यंदाही फोन आला आणि मी लिहायला बसलो. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आत आला, आणि दरवर्षी मार्चमध्ये होतं तसंच झालं. पेन कागदावर टेकवून मी काही वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये जाऊन बसलो.

इम्तियाज माझा विद्यार्थी. खुटबावच्या रशीदभाई टेलरचा थोरला. बारावीनंतर शिक्रापूरला खोली घेऊन राहिला आणि तिथल्या एका कंपनीत मशीनवर लागला. कानात कायम काहीतरी वाजत असलेला पोरगा. वर्गात बाकावर बोटं चालायची. मी समास सोडवत असायचो आणि हा त्याखाली ताल धरायचा. कंपनीत त्याला तशीच आणखी माणसं भेटली. वडगाव रासाईचा विशाल ड्रम वाजवायचा. बिहारहून आलेला राकेश बेस गिटार वाजवायचा आणि वरच्या पट्टीत गायचा. चौथा माणूस बदलत राहायचा, म्हणून त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. या चौघांचा रॉक बँड होता. आमच्या भागात बँड म्हटलं की लोक नवरदेवाचा घोडा कुठे आहे ते पाहतात. यांच्याकडे घोडा नव्हता, डगले नव्हते, आणि गाणी स्वतःची होती. तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची.

तालीम वडगाव रासाईला व्हायची, विशालच्या वडिलांच्या पोल्ट्रीत. आप्पांच्या दोन शेडी होत्या. पक्षी बेचाळीस दिवस राहायचे. ते गेले की खालचं खत काढायचं, शेड धुवायची, चुना मारायचा, नवीन तूस पसरायचं, आणि पिल्लं येईपर्यंत दोन आठवडे ती रिकामी ठेवायची. ते दोन आठवडे या चौघांचे. त्यामुळे त्यांचं संगीत पिल्लांच्या गाडीच्या हिशोबाने चालायचं. बेचाळीस दिवस गप्प, चौदा दिवस वादळ. बँडचं नावही त्यांनी तेच ठेवलं होतं: शेड नंबर दोन.

मी एकदा तिथे गेलो होतो. भीमेकडून गार वारा येत होता. आवाज फार घुमू नये म्हणून जाळ्यांवर खाद्याची रिकामी पोती टांगलेली, तरी पत्रा दणदणत होता. ओल्या चुन्याचा वास नाकात, कोरडं तूस पायाखाली, आणि मध्ये डोळे मिटून उभा राहिलेला इम्तियाज. डाव्या हाताची चार बोटं गिटारच्या गळ्यावर अशी फिरत होती की ती त्याची नसून भाड्याने आणलेली वाटावीत. गाणं कोंबड्यांचं होतं.

लाईट बंद होत न्हाई, दाणा बंद होत न्हाई,
बेचाळीसाव्या दिशी मग कुणी ईचारत न्हाई.

मी हसलो. चांगलं विनोदी गाणं आहे, असंही म्हणालो. ते गाणं कोंबड्यांचं नाही हे मला कळायला तीन वर्षं लागली, आणि मी भाषेचा शिक्षक होतो.

अशा गाण्यांना आमच्याकडे मागणी नसते. मंडळी हळदीच्या कार्यक्रमांत वाजवून गिटारच्या तारांचा खर्च काढायची. हळदीत दोन गाण्यांनंतर कुणीतरी मामा स्टेजपाशी यायचे आणि “आता जरा चांगलं कायतरी होऊ द्या” म्हणायचे. इम्तियाज चांगलं कायतरी होऊ द्यायचा. एकदा मला म्हणाला होता की त्याला फक्त एक कार्यक्रम हवा आहे, ज्यात समोरची माणसं जेवायला आलेली नसतील.

तो कार्यक्रम पोलंडहून आला. कंपनीत नवीन मशीन बसवायला तिकडचा एक इंजिनिअर महिनाभर येऊन राहिला होता. पोरं त्याला ‘पोलंड’च म्हणायची. पोलंड जेवला का, पोलंडला तिखट कमी घाला. सुट्टीच्या दिवशी त्यांनी पोलंडला शेडमध्ये नेलं. तो तुसावर मांडी घालून दोन तास ऐकत बसला आणि पँटचं तूस झटकून निघून गेला. महिन्याभराने त्याच्या बहिणीचा मेल आला. ती उन्हाळ्यात तिकडे लहान लहान गावांत गाण्याचे कार्यक्रम भरवायची. दोन देश, पाच गावं, मे महिना. राहण्या-जेवणाची सोय, विमानाची तिकिटं त्यांच्याकडून, आणि गाणी फक्त स्वतःची. हे शेवटचं वाक्य इम्तियाजने मला दोनदा वाचून दाखवलं.

कंपनीत त्या एप्रिलमध्ये त्याला कायम करणार होते. त्याने दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. मशीन शॉपच्या साहेबांनी तोंडी होकार दिला. जाऊन ये, आल्यावर कायमचं पत्र घे. म्हणजे तो काहीही सोडत नव्हता. सगळं जागच्या जागी ठेवून, दार नुसतं लोटून, दोन महिने बाहेर जाऊन यायचं होतं. शहाण्या माणसाने करावं तसंच.

पण दौऱ्याची बातमी तीन गावांत पसरली. विशाल वडगाव रासाईचा, म्हणून ते गाव सत्कार करणार. पोरं राहतात शिक्रापुरात, म्हणून तिथलं एक मंडळ करणार. बापू अस्वस्थ झाले. मी त्यांना म्हटलं, पोरं जाऊन तरी येऊ देत. बापूंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

“आल्यावर सत्कार कुणीबी करील, सर. आपण आदी करायचा.”

जाण्याआधी सत्कार ही आमच्या भागाची खास रीत आहे. परीक्षेला बसणाऱ्याचा करतो, उमेदवारी अर्ज भरणाऱ्याचा करतो. त्यामुळे सत्कार वाया जात नाही, पुढे काहीही होवो. शिमग्याच्या आदल्या रविवारी शाळेच्या मैदानावर मंडप पडला. फ्लेक्सवर नऊ पुढारी होते आणि खाली कोपऱ्यात, आधारकार्डाच्या आकाराचे, चार वादक. मागे आयफेल टॉवर होता. पोलंडमध्ये आयफेल टॉवर नाही, हे मी फ्लेक्सवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, परदेश म्हणल्यावर तोच टाकायचा असतो.

मानपत्र मी आदल्या दुपारी लिहिलं होतं. गरीब टेलरच्या घरी जन्म. कंटकाकीर्ण वाट. तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबलो, कारण त्याग नव्हता. पोरगा रजा घेऊन चालला होता, आणि बिनपगारी रजेवर टाळी कोण देणार. गुऱ्हाळाचा वास येत होता, मला थोडी गुंगी आली होती, आणि मी लिहून टाकलं: ‘कायम नोकरीवर लाथ मारून आपण कलेची कास धरलीत.’ एक मिनिटही लागलं नाही. चांगली वाक्यं लवकर येतात.

मानपत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. सह्या असतात गावाच्या. सरपंच, चेअरमन, मुख्याध्यापक, मग पसरत पसरत इतर. कुणाला तरी आठवलं आणि रशीदभाईंनाही बोलावलं. त्यांनी आयुष्यभर गावाचे शर्ट शिवले होते, पण गावाच्या कागदावर सही करायला त्यांना कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. त्यांनी चष्मा पुसला, हात पँटला पुसले, आणि खडूने कापडावर रेघ ओढावी तसं सावकाश नाव लिहिलं. मग ते नाव वाळेपर्यंत त्याच्यावर फुंकर घालत उभे राहिले.

लाथ मारल्याच्या वाक्याला सर्वांत मोठी टाळी पडली. स्थानिक साप्ताहिकाने त्याचा मथळा केला.

पुढच्या दोन आठवड्यांत जगाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. वडगाव रासाईत ते थोडं आधी सुरू झालं होतं. कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि पक्ष्यांना कुणी विचारेना. आप्पांनी काही फुकट वाटले, उरलेले खड्डा काढून पुरले. त्यांनी ते विशालला बघू दिलं नाही. दोन्ही शेडी रिकाम्या पडल्या, नवीन पिल्लं येण्याची चिन्हं नव्हती, आणि पहिल्यांदाच या पोरांना हवी तितकी जागा आणि हवे तितके दिवस मिळाले. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, “वाजवा आता. कोंबड्या बी गेल्या आन् तुमचं पोलंड बी. वाजवा.” पण तालमीला यायला वाटेत पोलीस होते, आणि राकेशची खोली मालकाने रिकामी करून घेतली होती. तो घरी जायला निघाला. कुठपर्यंत चालला आणि कुठून गाडीत बसला ते त्याने कधी सांगितलं नाही. बेस गिटार आप्पांकडे ठेवून गेला. ती अजून तिथेच आहे, खाद्याच्या पोत्यांमागे.

दौरा पुढे ढकलला असल्याचा मेल आला. आधी सप्टेंबरपर्यंत. मग पुढच्या वसंतापर्यंत. मग ‘परिस्थिती पाहून’. या सगळ्यात त्या बाईंनी ‘रद्द’ हा शब्द एकदाही वापरला नाही. भल्या होत्या. पण भलेपणाने माणसाचं किती नुकसान होतं याचा मी पुढे बराच विचार केला. रद्द झालेल्या गोष्टीचं सुतक संपतं. तेरावा होतो, माणूस दाढी करतो, कामाला लागतो. पुढे ढकललेल्या गोष्टीचं काय करायचं हे कुठल्या पंचांगात दिलेलं नाही. ती मेलेली नसते, म्हणून रडता येत नाही, आणि जिवंत नसते, म्हणून तिला जेवायलाही घालता येत नाही. इम्तियाजने दोन वर्षं बॅग भरून ठेवली होती.

कंपन्या सुरू झाल्या तेव्हा तो गेटवर गेला. त्याच्या जागी दुसरा माणूस होता. कायम करायच्या यादीत नाव नव्हतं. एवढंच मला तेव्हा कळलं होतं. का नव्हतं, ते विशालने सांगितलं: सत्काराच्याच आठवड्यात साप्ताहिकाचं कात्रण कुणीतरी ऑफिसात नेऊन दाखवलं होतं. ज्याने जाहीरपणे लाथ मारली त्याला कशाला कायम करायचं. मी ऐकून घेतलं. विशालला ते कुणाचं वाक्य आहे ते माहीत नव्हतं, आणि मी त्याला चहा दिला.

इम्तियाज एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेसवर लागला. पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, पत्रा काढायचा. अशा ठिकाणी काम भरभर उरकावं म्हणून, हात आत गेला तर मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवतात. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याची डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्धी गेली. मी भेटायला गेलो. तो खाटेवर बसला होता, हात उशीवर होता, आणि बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागलेली होती. त्याने मला बसायला जागा केली. मी पोषक आहाराबद्दल बोललो. कुणाला खरं वाटणार नाही, पण मी डाळिंबाच्या रसाचे गुणधर्म सांगितले आणि उठलो.

त्यानंतर रशीदभाई गेले. विशालला दोन मुलं झाली आणि त्याने ड्रम विकला. शेडमध्ये आता वर्षभर नीट पक्षी असतात. तिकडचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले, नवीन तारखांचा मेलही आला, आणि इम्तियाजने त्याला उत्तर दिलं नाही. गावाला यातलं काही लागत नाही. गावाच्या हिशोबी दौरा झालेला आहे. सत्कार झाला म्हणजे दौरा झालाच. नवीन सुना त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, ते परदेशात वाजवून आलेत.

आता तो साउंड सिस्टिम लावतो. लग्नं, कीर्तनं, सत्कार. यंदाच्या मार्चमध्ये मी मानपत्र घेऊन मैदानावर गेलो, तेव्हा तो स्टेजच्या बाजूला मिक्सर मांडून बसला होता. उजवा हात बटणांवर, डावा मांडीवर उलटा. सत्कार एका आदर्श गोपालकाचा होता. वेळ होता, पुढारी यायचे होते. मी शेजारची खुर्ची ओढली. गुऱ्हाळाचा वास तिथेही येत होता. मला वाटतं, त्या वासामुळेच बोललो.

“इम्तियाज, तुझं ते मानपत्र मी लिहिलं होतं.”

त्याने एक बटण खाली घेतलं. “म्हाईतीये, सर.”

“कधीपासून?”

“वाचलं तवापासून. कंटकाकीर्ण दुसरं कोण लिहितंय आपल्याकडं?”

मी म्हणालो की ते नोकरीचं वाक्य माझ्या मनाचं होतं, आणि त्यामुळे त्याची नोकरी गेली. मी हे वाक्य मनात इतक्या वेळा बोललो होतो की बाहेर येताना ते मानपत्रासारखंच आलं. तो मला थांबवून म्हणाला, नोकरी त्यामुळे गेली नाही. कात्रण आल्यावर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. साहेब चांगले होते. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का, खोटं असेल तर सांग, मी बघतो.

“मग?”

“मी म्हणलं, खरंय.”

त्याने दुसरं बटण वर घेतलं.

“खोटं कसं म्हणायचं, सर? खाली सह्या हुत्या गावाच्या. अब्बांची सही हुती.”

तेवढ्यात माईकमधून शिट्टी वाजली आणि तो वायर बघायला उठला. मी खुर्चीवर बसून राहिलो. इतकी वर्षं मी एका वाक्याचं ओझं वाहत होतो आणि त्यात मला थोडा अभिमानही वाटत होता, हे मला तिथे कळलं. एका वाक्याने आयुष्य उद्ध्वस्त केलं म्हणजे निदान वाक्यात दम होता. तसं काही नव्हतं. वाक्य फुसकं होतं. साहेबांनी एका झटक्यात ते पुसलं असतं. ते खरं केलं एका म्हाताऱ्याच्या सावकाश केलेल्या सहीने, आणि ती सही मी घडताना पाहिली होती.

पुढारी आले. बापूंनी सूत्रं हाती घेतली. त्यांनी गोपालकांच्या आधी उपस्थितांत बसलेल्या आपल्या आंतरराष्ट्रीय कलावंताचा उल्लेख केला, इम्तियाजला उभं केलं, आणि टाळ्या झाल्या. तो उजवा हात वर करून खाली बसला. मग बापूंनी मानपत्र वाचलं. सेवा काळाला शरण जात नाही, या वाक्यावर इम्तियाजने एको थोडा वाढवला.

कार्यक्रम संपल्यावर तो वायरी गुंडाळत होता. तीनच पुरी बोटं उरलेल्या त्या हाताभोवती वायर नीट बसत नव्हती, म्हणून तो कोपरावर घेत होता. जुनं मानपत्र अजून आहे का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला कागद अम्मीच्या ट्रंकेत आहे, अब्बांच्या सहीसाठी. फ्रेम मोडली. काच तेवढी वापरात आहे.

पुढच्या आठवड्यात काही कामाने शिक्रापूरला गेलो, तेव्हा त्याच्या खोलीवर चहा घेतला. हायवेवरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडून त्याच्या खिडकीची काच मागे कधीतरी फुटली होती. तिथे त्याने मानपत्राची बसवली आहे. अठरा बाय चोवीस इंच. कापावी लागली नाही.